समुद्रपूरचे सरगुंडे आणि नालवाडीच्या इहीनबाई

पुण्यातल्या एका खाद्यमहोत्सवात ‘वऱ्हाडी पास्ता’ अशी पाटी वाचली आणि माझा तोल सुटला. पाटीखाली काचेच्या वाट्यांमध्ये कणकेच्या नळ्या होत्या, त्यांच्यावर पांढरा सॉस आणि त्या सॉसवर कोथिंबीर. नळ्यांची टोके सुरीने कापल्यासारखी एकसारखी होती, म्हणजे माल यंत्रातून निघालेला. हा मुळातला आमच्या अभ्यासातला सरगुंडा, आणि तो हाताने काडीवर गुंडाळतात. त्याच्या अंगावर वेढे दिसायलाच हवेत, नाहीतर तो सरगुंडा नव्हे. हे मी विक्रेत्याला शांतपणे समजावून सांगितले. त्याने ते तितक्याच शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावले.

घरी येऊन त्या वाटीचे छायाचित्र मी रूपालीला पाठवले. रूपाली माझ्याकडे इतिहासात एम.ए. झाली. तिचे माहेर वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावी. गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन ती वर्ध्याजवळच्या नालवाडीला सासरी गेली. तिचे उत्तर आवाजी संदेशाने आले. आधी भरपूर हसू, मग निमंत्रण. मे महिन्यात तिच्या सासरची मंडळी माहेरी रस खायला येणार होती आणि आई हातचे सरगुंडे करणार होती. “तेव्हाच या मॅडम. फक्त ऊन सांभाळजा.”

हे ‘रस खायला येणे’ विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जावयाला आणि त्याच्या आईवडिलांना आमरसाच्या जेवणाला बोलावतात. व्याह्याला इकडे इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. त्या ताटात रसाबरोबर सरगुंडे वाढणे हा यजमानीण बाईच्या मानाचा भाग असतो. पदार्थांची मुळे शोधणे हा माझा अभ्यासाचा विषय. असा प्रसंग समोर चालून आल्यावर उन्हाची भीती बाळगणे मला शोभले नसते. मे महिन्यात वर्ध्याला कोण जाते, असे प्रत्येकाने विचारले. मी जाते, असे प्रत्येकाला सांगितले.

पुण्याहून वर्ध्याला थेट रेल्वेगाड्या आहेत. उन्हाळी सुट्टीत जायचे असेल तर आरक्षण फार आधी करावे आणि वातानुकूलित डब्याचेच करावे. काटकसरीचे प्रयोग दुसऱ्या ऋतूत. पहिला मुक्काम मी सावंगीला केला. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाभोवती विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी पुष्कळ लॉज आहेत, स्वच्छ आणि माफक दरांचे. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे घेतले. तर्री उत्तम, चण्यांना दाताखाली हवा तेवढाच विरोध. पोहे मात्र गरजेपेक्षा जास्त भिजलेले. पुण्यात पोह्यांवर लाल रश्श्याची कल्पनाच लोकांना असभ्य वाटते. त्यांनी हे एकदा खावे आणि मग बोलावे.

वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे समुद्रपूरला एस.टी. जाते. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे हा बहुधा माझ्या आयुष्यातला सर्वांत स्वस्त संशोधनदौरा ठरला. खिडकीतून आत येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा होता. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रिकामी शेते, बांधांवर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग. कापसाचा हा मुलूख मे महिन्यात असा उघडा असतो, आणि तो तसाच पाहावा. जमीन किती काळी आहे ते तेव्हाच कळते. शेजारच्या बाईंनी मी कुठली, कोणाकडे, कशाला, अशी रीतसर चौकशी केली. सरगुंडे पाहायला पुण्याहून आले आहे हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि डोक्यावर ओला रुमाल ठेवायचा सल्ला दिला. समुद्रपूरच्या स्थानकावर, दोन दिवस आधीच माहेरी आलेली रूपाली उभी होती. पुढचा रस्ता ऑटोने, शेवटचा तुकडा मुरमाचा.

रूपालीच्या आई मंदाताई ठेंगण्या, झपाझप चालणाऱ्या आणि कामात असताना अजिबात न बोलणाऱ्या बाई आहेत. वडील भाऊराव याच्या अगदी उलट. माझी पिशवी हातात घेताघेताच त्यांनी मला विहिरीची खोली, यंदाचा कापूस आणि पुण्याचे हवामान या तिन्ही विषयांवर आपले मत सांगून टाकले. पुणेकरीण इथल्या उन्हात टिकेल का, ही काळजी त्यांना पहिल्या क्षणापासून होती.

सरगुंड्यांची तयारी आदल्या दिवशीच सुरू झाली होती. गहू बन्सी, म्हणजे विदर्भातला जुना, कठीण, पिवळसर दाण्याचा. गहू पाण्याचा हात लावून रात्रभर दडपून ठेवलेला, सकाळी दळलेला आणि पातळ कापडातून गाळलेला. वर राहतो तो रवा आणि खाली पडते ते मऊ पीठ. दोन्ही मिसळून, मीठ घालून घट्ट भिजवतात, तासभर झाकतात आणि मग मुसळाने कुटतात. मंदाताई कुटायला बसल्या आणि गोळ्याचा रंग डोळ्यांदेखत बदलत गेला. मी त्यातला एक तुकडा मागून घेतला आणि ओढून पाहिला. तो तुटला नाही. इतकी लवचीक कणीक मी पुण्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात पाहिलेली नाही, माझ्याही नाही.

त्यानंतर जे पाहिले त्यासाठी पुन्हा एवढा प्रवास करावा लागला तरी मी करीन. कणकेची लिंबाएवढी गोळी तळव्याखाली पाटावर लांबवत नेतात, सुतळीहूनही बारीक दोरी होईपर्यंत. नदीकाठच्या गवताची वाळलेली, सरळ, गुळगुळीत काडी घेतात. दोरीचे टोक काडीला चिकटवून डाव्या हाताने काडी फिरवत राहायचे. दोरी आपोआप गुंडाळली जाते, वेढ्याला वेढा लागून. मग ती काडी पाटावर एकदाच हलकेच लोळवायची, म्हणजे वेढे एकमेकांना धरतात. आणि शेवटी काडी अलगद मागे ओढून घ्यायची. पाटावर एक पोकळ, नक्षीदार नळी उरते.

काडी मागे ओढण्याची ती हालचाल पाहून मी अक्षरशः उठून उभी राहिले. ही हालचाल मी आधी पाहिली होती, चरख्यासाठी पेळू करताना. पिंजलेला कापूस काडीवर लोळवतात, काडी ओढून घेतात, पोकळ पेळू हातात उरतो. तोच पाट, तीच काडी, तोच तळवा. कापसाच्या आणि सूतकताईच्या या जिल्ह्यात बायकांच्या हातांनी एक काम दुसऱ्या कामाकडून उचलले असेल का? मी हे बोलून दाखवले. मंदाताईंनी आपल्या हातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, की त्यांची आई खरोखरच दोन्ही करायची, एकाच पाटावर. माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. मात्र साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आले आहे, तेव्हा इथेही तेच लिहिते: ही एक शक्यता आहे, जास्त काही नाही. शेजारच्या बेबीताईंना मात्र माझ्या शक्यतेची गरज नव्हती. सरगुंडे वनवासात सीतामाईने बाणाच्या काडीवर केले, हे त्यांना ठाऊक होते.

बेबीताई मदतीला आल्या होत्या आणि सोबत सगळी माहितीही घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडूनच मला कळले, की हे साधे जेवण नव्हते. साखरपुड्याला, चारचौघांत, रूपालीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की आता सरगुंडे कोणाच्या घरी होतात, सगळ्या बचत गटाचे पाकीट फोडतात आणि हातचे म्हणून वाढतात. नालवाडीचे हे घर व्यापाऱ्यांचे. किराण्याच्या दुकानात तीच पाकिटे विकणारे. बाईंना माहीत होते ते त्या बोलल्या. मंदाताईंनी तिथेच उत्तर दिले होते, “पहिल्या रसाले या. खा, अन् मंग सांगा.”

म्हणजे शब्द दिला गेला होता, आणि साऱ्या नात्यागोत्याने तो ऐकला होता.

“आता काही चुकलं तं पोरीले जल्मभर आयकावं लागन,” बेबीताई काडी फिरवत म्हणाल्या. रूपालीने मान खाली घालून दोरी वळणे चालू ठेवले. मंदाताईंच्या पाटावरून एकामागून एक नळ्या उतरत राहिल्या.

मलाही काडी देण्यात आली. माझे वेढे उत्तम होते, हे मी आत्मस्तुती म्हणून नव्हे तर निरीक्षण म्हणून नोंदवते. दोन वेढ्यांमध्ये केसाइतकीही फट नव्हती. वेगाबद्दल मात्र बेबीताईंना शंका होती. “मॅडमचा येक सरगुंडा होते तवरोक इवाई जेवून घरी जाईन,” त्या म्हणाल्या, आणि रूपालीला इतके हसू आले की तिची दोरी तुटली.

त्या दुपारी मंदाताईंनी मागच्या वर्षीचे वाळवलेले मूठभर सरगुंडे मला शिजवून दिले, रसाबरोबर. वरून तूप. दाताखाली किंचित प्रतिकार, गव्हाचा खरपूस, जवळजवळ बदामासारखा स्वाद, आणि पोकळीत भरून राहिलेला रस. मी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. माझ्याबाबतीत हे वारंवार घडत नाही.

केलेले सरगुंडे अंगणातल्या सावलीत खाटेवर, धुतलेल्या धोतरावर पसरले होते. थेट उन्हात ते तडकतात. वारा गरम असतो, तेवढ्याने दुसऱ्या सकाळपर्यंत वाळून टणक होतात. पण संध्याकाळी धुळीची वावटळ उठली, आणि अर्धे वाळलेले सरगुंडे खाटेसकट मधल्या खोलीत आणावे लागले. माझे अंथरूणही त्याच खोलीत होते. घरची मंडळी गच्चीवर झोपायला गेली, आणि जाण्यापूर्वी भाऊरावांनी पुण्याच्या पाहुणीची सोय म्हणून खिडकीतला कूलर सुरू करून दिला. मला त्या प्रवासातली सर्वांत गाढ झोप लागली.

सकाळी जागी झाले तेव्हा मंदाताई खाटेशी उभ्या होत्या. सरगुंडे रात्रभर कूलरच्या ओल्या वाऱ्यात पडून मऊ झाले होते. नळ्या चपट्या बसलेल्या, वेढे एकमेकांत विरघळलेले, नळीला नळी चिकटलेली. एक उचलावी तर चार येत होत्या. वास घेतला, किंचित आंबूस.

भाऊरावांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी विचार करूनच ते केले होते. “म्या म्हटलं हवा लागन तं लवकर वाळतीन. मॅडमलेबी गार लागन.”

“हवा नोय ते,” मंदाताई म्हणाल्या. “पाणी होय.”

पाहुणे त्याच दिवशी जेवायला येणार होते, आणि उन्हाच्या आधी, सकाळीच निघणार होते. रूपालीने जेवण पुढे ढकलण्यासाठी फोन करू का, असे विचारले. बेबीताईंकडे अधिक व्यवहारी उपाय होता: गावातला एक पोरगा मोटारसायकलवर हिंगणघाटला धाडायचा, दोन पाकिटे आणायची, डब्यात ओतायची, शिजल्यावर कोण ओळखणार? दुकानदाराची बायको ओळखील, असे मी म्हणाले. यंत्राच्या नळीची टोके कशी असतात हेही सांगितले. त्याने कोणालाच धीर आला नाही.

मंदाताईंनी खराब झालेले सरगुंडे धोतरात गोळा करून गाईच्या टोपल्यात टाकले. मग डब्यातला उरलेला रवा काढला, परात घेतली आणि खाली बसल्या.

“बोलावलेला पाहुणा मी परत धाडत नाई. अन् विकतचं माह्या नावानं वाढत नाई. वाळवाले वेळ नाई तं ओलेच शिजवू.”

यावर बेबीताई खरोखर हादरल्या. ओले सरगुंडे म्हणजे वळताना मागे लागणाऱ्या लेकरांना चार उकडून द्यायचे, तोंड बंद करायला. ते इहिणीच्या ताटात? घाईचे काम म्हणून गावभर होईल. पण मंदाताईंचे मुसळ सुरू झाले होते, आणि मुसळापुढे बेबीताईंचा आवाज चालला नाही. मी केस बांधले आणि पाट ओढला. वेग वाढवला. वेढ्यांमध्ये फटी राहू लागल्या, आणि मी त्या राहू दिल्या. माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आम्ही अर्ध्यावर असतानाच जीप आली, जावई स्वतः चालवत. रूपालीच्या सासूबाई प्रथम आत आल्या: उंच, गोऱ्या, इस्त्रीच्या साडीतल्या, नजर दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाची. त्यांनी चपला काढल्या, पाटांकडे पाहिले, परातीकडे पाहिले, सावलीतल्या रिकाम्या खाटेकडे पाहिले.

“ओलेच? काऊन?”

रूपालीचे हात थांबले. बेबीताईंनी पदराने तोंड पुसले. मंदाताईंनी हातातली काडी पुरी केली, ओढून घेतली आणि नळी इतरांशेजारी ठेवली.

“वाळवलेले डब्यातले राह्यते, इहीनबाई. कोणाच्याबी हातचे म्हणून सांगता येते. हे तुमच्यासमोर होऊन राह्यले.”

उत्तर निर्दोष होते. असत्य नव्हते आणि सत्यही पूर्ण नव्हते. ते तिथेच राहिले असते, पण दारात उभ्या असलेल्या भाऊरावांना ते सोसवले नाही. कूलर आपण लावला, सरगुंडे आपल्यामुळे गेले, हिचा त्यात काही दोष नाही, असे सगळे त्यांनी एका दमात सांगून टाकले. गोठ्यातली गाय टोपल्यात तोंड घालून तेच सरगुंडे चरत होती.

इहीनबाईंनी गाईकडे पाहिले. मग त्यांनी पदर खोचला आणि पाटाजवळ बसल्या. “म्हंजे गार हवा इवायांनी पाहुणीले देल्ली, अन् घाम इहीनबाई गाळून राह्यल्या,” त्या म्हणाल्या. “बाप्यांचं असंच राह्यते. आमच्या घरीबी येक आहे.” बाहेर जीपजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांना हे ऐकू गेले असावे, त्यांनी जीपभोवती आणखी एक फेरी मारली. सगळ्यांत आधी बेबीताई हसल्या, आणि मग आम्ही सगळ्याच.

पातेल्याच्या तोंडाला ओले फडके बांधून त्यावर सरगुंडे वाफवले. पंगत मधल्या खोलीत बसली. कूलरकडे कोणी हात नेला नाही. भाऊराव तर त्याच्यापासून लांबच बसले. ओले सरगुंडे वाळवलेल्यांपेक्षा वेगळा पदार्थ आहेत, हे मी जबाबदारीने सांगते. गव्हाची खरपूस खोली त्यांना नाही. पण अंग रेशमासारखे, आणि रस नुसता पोकळीत न राहता प्रत्येक वेढ्यात शिरतो. माझ्या मते वाळवलेले श्रेष्ठ. पण थोड्याच फरकाने, आणि या थोड्या फरकाचा मी आल्यापासून विचार करते आहे.

इहीनबाईंनी पहिली वाटी संपवली. मंदाताई हातात तुपाची वाटी घेऊन समोर उभ्या होत्या, तूप वाढायचे विसरून. दुसरी वाटी इहीनबाईंनी स्वतः पुढे केली. जेवण संपेपर्यंत त्या फक्त एकदाच बोलल्या, “बरे आहेत.” मंदाताई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माझ्या चेहऱ्यावरची शंका पाहून बेबीताईंनी कुजबुजून खुलासा केला, की इहीन जेव्हा बरे आहेत म्हणते तेव्हा ताट चाटले असे समजावे.

परतताना वर्ध्याहून गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटे, आणि मंदाताईंनी दिलेल्या काड्यांची जुडी घेऊन आले. तुम्हाला जायचे असेल तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. आंबा तेव्हाच असतो आणि सरगुंडेही. सुती कपडे, डोक्याला रुमाल, पाण्याची मोठी बाटली. ओळखीचे घर नसेल तर गावातल्या बाया ओळख करून घेतातच. तयारी फक्त प्रश्नांची उत्तरे देण्याची ठेवा.

पुण्यात मी पेळू आणि सरगुंड्यांवर टिपण लिहायला घेतले. मुळे कुठली, आधी काय, कोणाकडून कोणाकडे गेले. उत्साह इतका होता, की आठवडाभर दुसरे काही सुचले नाही. टिपण अर्धे झाले असताना रूपालीचा फोन आला. नालवाडीत शेजारी कोणाच्या तरी घरी पहिल्या रसाची तयारी चालली होती, आणि त्या बाईंनी अंगणात सरगुंडे वाळत घातले होते. रूपालीच्या सासूबाईंनी कुंपणावरून पाहिले आणि त्यांना थांबवले.

“म्हणाल्या, इवायासाठी वाळवलेले नाई चालत. आमच्यात पहिल्या रसाले ओलेच वाढतात, पाहुण्यांसमोर वळून. पहिल्यापासून.” रूपाली हसत होती, पण आवाज खाली ठेवून, सासूबाई पलीकडच्या खोलीत असाव्यात. “ती बाईही मान डोलावून सरगुंडे आत घेऊन गेली, मॅडम. आता पूर्ण गल्लीत हेच होईल.”

पदार्थांची मुळे मी इतकी वर्षे शोधते आहे. एखादी रीत पहिल्यांदा जन्माला येताना मी पाहिली, ती ही एकच. आणि ती अजून महिन्याची झाली नाही, तोच ‘पहिल्यापासून’ची झाली. उद्या माझ्यासारखीच कोणी तिथे वही उघडून बसेल आणि तिला नालवाडीतल्या ओल्या सरगुंड्यांची परंपरा सांगितली जाईल. ज्या घरात मान राखायचा होता तिथे तो राखला गेला, आणि आता तो आणखी चार घरी राखला जाणार आहे.

“आठवण करून देऊ का सासूबाईंना, कसं झालं होतं ते?” रूपालीने विचारले.

“त्यांना माहीत आहे,” मी म्हटले. “फक्त वेढे जवळजवळ घाला म्हणावे.”